जोर लावूनही होडी का हलत नाही?

प्रश्न : नमस्कार सर, आम्ही हर्णैचे. मुलगी नववीला आहे, तिला गतीच्या नियमांचा धडा आहे, बल म्हंजे वस्तुमान गुणिले त्वरण. ती विचारते, बाबा, पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून शाकारलेली होडी पाण्यात घालताना तुम्ही सहा जण जोर लावता तरी ती तसूभर हलत नाही, मग त्वरण गेलं कुठे? आणि तीच होडी पाण्यात असली की एकटा माणूस पायाने ढकलतो. मी काय सांगू तिला?

उत्तर : दादा, पोरीने अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंय. तिला सांगा सूत्र बरोबर आहे, फक्त त्यातलं बल म्हंजे आपण लावलेला जोर नव्हे, तर होडीवर सगळ्या बाजूंनी जी बलं लागतायत त्यांची बेरीज-वजाबाकी करून जे शिल्लक राहतं ते. पुस्तकात त्यालाच असंतुलित बल म्हणतात. मुलं हा शब्द पाठ करतात आणि गणित सोडवताना नेमका तोच विसरतात, माझ्या मते या धड्यातली खरी अडचण इथेच आहे.

आकडे घेऊन बघू. समजा होडी ८०० किलोची आहे आणि पुळणीवर घर्षण वजनाच्या साधारण निम्मं धरलं, तर वाळू जास्तीत जास्त ३,९०० न्यूटनपर्यंत होडी अडवून धरू शकते. तुम्ही सहा जण, प्रत्येकाचा जोर ४०० न्यूटन, म्हंजे झाले २,४००. आता यातली गंमत अशी की वाळू लगेच ३,९०० लावत नाही, ती तुमच्याएवढंच, २,४०० उलट्या बाजूने लावते, शिल्लक शून्य म्हणून त्वरणही शून्य. अजून चार जण बोलावले आणि सगळ्यांनी एका दमात जोर केला की झाले ४,०००, शिल्लक १०० न्यूटन, त्याला ८०० ने भागलं की त्वरण सेकंदाला ०.१२५ मीटर प्रति सेकंद, आणि होडी सुटली. एकदा सरकायला लागली की घर्षण थोडं कमीच होतं, म्हणून मध्येच थांबायचं नसतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

भरती आली की पाणी होडीचं वजन पेलतं, तळाचा वाळूवरचा दाब जातो आणि घर्षणही जातं. वस्तुमान मात्र तेच ८०० किलो, एक ग्रॅमही कमी होत नाही, वजन पेललं गेलं म्हंजे वस्तुमान घटलं असं मुलं हमखास लिहितात ते चूक आहे. आता एकट्याने २०० न्यूटन लावले तरी त्वरण ०.२५, दोन सेकंदांत होडी सेकंदाला अर्धा मीटर चालायला लागते. होडीबरोबर थोडं पाणीही ढकलावं लागतं त्यामुळे प्रत्यक्षात जरा कमी भरेल.

आता महत्त्वाचं, आणि हे घरात सगळ्यांना सांगा. हलवायला सोपी म्हंजे थांबवायलाही सोपी असं नाही. १० टनांचा ट्रॉलर सेकंदाला अर्धा मीटर, म्हंजे चालत्या माणसापेक्षाही हळू, जेटीकडे येतोय आणि कोणीतरी मध्ये पाय घातला. ५ सेंटिमीटरात थांबायचा तर त्याला मिळतात ०.२ सेकंद, आणि त्यासाठी बल लागतं २५,००० न्यूटन, अडीच टनांच्या वजनाएवढं. पाय टिकेल का? जेटीला जुने टायर बांधलेले असतात ते यासाठीच, टायर दबत दबत २० सेंटिमीटर गेला की वेळ चौपट मिळतो आणि बल चौथ्या हिश्शावर येतं. न्यूटनने १६८७ साली हा नियम मांडला तोही संवेगातल्या, म्हंजे वस्तुमान गुणिले वेग यातल्या, बदलाच्या भाषेत, आणि टायरचं काम त्या भाषेत जास्त चांगलं कळतं : संवेग तेवढाच घालवायचा आहे, फक्त सावकाश.

प्रश्न : नारळावर पृथ्वीचं बल सुपारीपेक्षा कितीतरी जास्त, मग एका उंचीवरून सोडले तर नारळ आधी पडायला नको का? (एक विद्यार्थी, गुहागर)

उत्तर : नाही रे, बल जितक्या पट जास्त तितक्याच पट वस्तुमानही जास्त, भागाकार दोघांचा ९.८ च येतो, हवेचा अडथळा सोडला तर दोघं बरोबरच पडतात. १० मीटर उंच माडावरून नारळ साधारण १.४ सेकंदात खाली येतो, तेव्हा त्याचा वेग ताशी ५० किलोमीटर असतो. सुपारीचाही तेवढाच, पण तिला थांबवायला लागणारं बल थोडं, म्हणून पोफळीखाली माणूस निवांत बसतो आणि माडाखाली कोणी बसत नाही.