दिवा लुकलुकतोय? आधी सेन्सरची जागा बघा

उजेड ओळखणाऱ्या सेन्सरवर, अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा तुम्ही बनवलाय आणि तो लुकलुकतो, असं विचारलंत. तुम्ही सांगताय त्यावरून जोडणी बरोबर वाटते. संध्याकाळी दिवा सारखा लागतो-विझतो, कारण सेन्सरवर त्याच दिव्याचा उजेड पडतोय. दिवा लागला की सेन्सरला दिवस वाटतो, विझला की पुन्हा रात्र. ही चूक माझ्याकडूनही झाली होती. सेन्सरचं तोंड आकाशाकडे किंवा खिडकीकडे वळवा, दिव्याचा थेट उजेड आडोसा करून अडवा.

मग एवढंच करा:

- दिवा लागण्याची आणि विझण्याची पातळी वेगळी ठेवा. समजा २० लक्सखाली (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) लागेल, ६० च्या वर गेल्यावरच विझेल. हे आकडे फक्त सुरुवातीपुरते. दोन-तीन संध्याकाळी रीडिंग लिहून काढा आणि स्वतःचे ठरवा. दिव्यामुळे जेवढे लक्स वाढतात, त्याहून हे अंतर मोठं हवं.
- उजेड किंवा अंधार मिनिटभर टिकला तरच निर्णय घेऊ द्या. ढग, गाडीचे दिवे यांना सिस्टिम फसणार नाही.

एलडीआर (उजेडाप्रमाणे रोध बदलणारा साधा सेन्सर) शिकायला छान, पण तो थेट लक्स सांगत नाही. त्यासाठी बीएच१७५० हा थेट लक्समध्ये रीडिंग देणारा डिजिटल सेन्सर घ्या. सगळी चाचणी बॅटरीवरच्या छोट्या एलईडीवर करा. घरच्या विजेची जोडणी मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, इथे घाई नको.