चार वर्षांचा मुलगा खेळताना मारतो, हिसकावतो. काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा खेळताना दुसऱ्याला मारतो, तुम्ही त्याला लगेच 'सॉरी' म्हणायला लावता आणि दहा मिनिटांत तो पुन्हा मारतो. मी नागपुरात, महालात, सोळा वर्षं बालवाडी चालवते. माझं ऐकाल तर ते सॉरी सध्या बंद करा. त्यातून लेकराला एवढंच कळतं की हा शब्द म्हटला की सुटका होते.

राग चढलेला असताना त्याच्या कानात काहीच शिरत नाही. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण तयार व्हायला पंचविशी उजाडते. चार वर्षांच्या मुलाला तोवर आपला शांतपणा उसना द्यावा लागतो.

तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे मुलांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याच्या, आधी आमच्याकडे दोघांची लाकडी नंदीवरून जुंपली. एकाने शिंगं धरलेली, दुसऱ्याने चाकं. "माह्या हाय!" "मले दे!" मी दोघांच्या मधे खाली बसले, नंदी मांडीवर घेतला. "तुमचं ठरेपर्यंत हा माझ्यापाशी." आधी कोणी घेतला, हे मी कधीच विचारत नाही. ते विचारलं की दोघं पुरावे द्यायला लागतात आणि भांडण तिथेच राहतं. रडणं ओसरू दिलं. मग एकेकाला विचारलं, "तुला काय करायचं होतं?" आणि त्याचं म्हणणं दुसऱ्याला पुन्हा सांगितलं. "नंदी एक, तुम्ही दोघं. आता कसं करायचं?" यानंतर गप्प बसणं फार जड जातं, पण बसायचंच. बऱ्याच वेळाने एक म्हणाला, "मी ओढतो, थो तोरण धरंल." मला हे सुचलं नसतं.

पाळीची वाट बघायला लावताना हाताला काम द्या. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांच्या प्रयोगांत खाऊसाठी थांबू शकलेली मुलं त्या खाऊकडे टक लावून बसली नव्हती. कुणी गाणं म्हणत होतं, कुणी डोळे झाकले होते. म्हणून थांबणाऱ्याला मी नंदीची कागदी झूल रंगवायला देते.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की दुपारी भांडणं वाढतात. तेव्हा समजावत बसू नका. पाणी पाजा, कूलरसमोर झोपवा.

आणि तुमचा मुलगा अजून दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलत नसेल, तर सांगता येत नाही म्हणून हात उचलत असेल. तसं असेल तर आधी त्याचे कान आणि बोलणं तपासून घ्या.