इगतपुरीत तयार बंगला की एनए प्लॉट? ४३ लाखांच्या फरकाचा हिशेब

ठाण्याच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. त्यांचं वय ५१, पत्नीचं ४८, दोघंही नोकरीत, हातात येणारा पगार मिळून दरमहा २ लाख ६० हजार. राहत्या फ्लॅटचं १४ लाख कर्ज बाकी, हप्ता ३२ हजार. मुदत ठेवी आणि म्युच्युअल फंड मिळून ५८ लाख, पीएफ वेगळा. तीन वर्षांनी मुलीच्या पदव्युत्तर शिक्षणाला २५ लाख लागतील. इगतपुरीजवळ क्लबहाउस, पोहण्याचा तलाव असलेल्या एका प्रकल्पात त्यांना दोन गोष्टी दाखवल्या आहेत. २२०० चौरस फुटांच्या प्लॉटवर १५०० फूट कार्पेटचा तयार बंगला, किंमत १ कोटी १५ लाख. किंवा ३००० चौरस फुटांचा एनए (बिगरशेती) प्लॉट, १४०० रुपये दराने ४२ लाख. गावातला ठेकेदार २००० रुपये फुटाने बांधून देतो म्हणतोय, म्हणजे ३० लाख. ते विचारतात, "७२ लाखांत तेच घर होत असेल तर ४३ लाख जास्त का द्यायचे?" शनिवार-रविवारी जायचं, साठीनंतर तिथेच राहायचं आणि मधल्या काळात भाड्यावर हप्ता काढायचा, असा बेत आहे.

आधी त्या ४३ लाखांकडे बघू.

ठेकेदाराचा दर स्लॅबच्या मापावर लागतो, कार्पेटवर नाही. भिंतींची जाडी, व्हरांडा, जिना, गाडीसाठीचा पोर्च धरला की १५०० फूट कार्पेटचं घर १८५० फुटांच्या आसपास जातं. दुसरं, २००० रुपयांत काय काय येतं हे लेखी मागा. बहुतेक वेळा त्यात साधी फरशी, साधी दारं आणि गच्चीला जेमतेम कोबा असतो. इगतपुरीच्या पावसात असं घर तीन वर्षांत गळू लागतं. उतरतं छप्पर किंवा गच्चीवर पत्र्याची शेड, नीट ब्रिकबॅट कोबा (गळती रोखणारा विटांच्या तुकड्यांचा थर), बाहेरून दोन थरांचा गिलावा, घाटावर माल नेण्याचा खर्च हे सगळं धरून मी २३०० रुपये लावतो. झाले साडेबेचाळीस लाख.

आता दरात न बसणाऱ्या गोष्टी. ५० बाय ६० च्या प्लॉटला २२० फूट कंपाउंड, गेटसकट ४ लाख. प्लॉटला उतार असेल, आणि तिथे तो असतोच, तर रिटेनिंग वॉल (माती धरून ठेवणारी भिंत) आणि मुरुमाची भर साडेतीन लाख. जमिनीखालची टाकी, सेप्टिक टँक, शोषखड्डा अडीच लाख. वीजजोडणी ८० हजार. आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि देखरेख ३ लाख. परवानगी आणि विकास शुल्क दीड लाख. एकूण ५७ लाख ८० हजार. त्यावर १० टक्के अडीअडचणीला, कारण खणताना चार फुटांवर काळा पाषाण लागला की ब्रेकर लावावा लागतो आणि त्याचं बिल तासावर येतं. म्हणजे ६३ लाख ६० हजार. ठेकेदार जीएसटी नोंदणीवाला असेल आणि मालासकट काम घेत असेल तर त्याच्या रकमेवर १८ टक्के, आणखी साडेसात लाख, आणि बांधकाम गेलं ७१ लाखांवर. प्रकल्पाबाहेरच्या स्वतंत्र घराला नुसत्या मजुरीचं कंत्राट दिलं तर जीएसटी लागत नाही. प्रकल्पातल्या प्लॉटला ती सूट बसते का, हे सीएकडून लेखी घ्या, ठेकेदाराच्या तोंडावर सोडू नका.

तयार बंगल्याची किंमतही फोडून पाहा. २२०० फूट जमीन १४०० ने ३० लाख ८० हजार. उरलेले ८४ लाख बिल्डर बांधकामाचे घेतोय. तुम्हाला तेच काम ६४ ते ७१ लाखांत पडेल. म्हणजे खरा फरक ४३ लाखांचा नसून १३ ते २० लाखांचा आहे. प्लॉटचा आकडा कमी दिसतो, पण त्यातली ८०० फूट जास्तीची जमीन तुम्ही ११ लाख देऊन घेताय. ती स्वस्ताई नव्हे, वेगळी खरेदी आहे.

त्या १३ ते २० लाखांच्या बदल्यात काय मिळतं? रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षं बांधकामातले दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात. स्वतः बांधलेल्या घराला तसं कवच नाही. ठेकेदार दुसऱ्या पावसाळ्यात फोन उचलेल याची खात्री कोणी देत नाही. घराला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला हरकत नसल्याचा दाखला, मिळालेलं असेल तर जीएसटी शून्य. ते हातात नसताना "काम ९५ टक्के झालंय" म्हणत असतील तर ५ टक्क्यांनी पावणेसहा लाख जास्तीचे लागतील, म्हणून प्रमाणपत्राची प्रत आधी मागा. घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. ती घराला आहे, मोकळ्या प्लॉटला धरू नका.

वेळेचा हिशेब वेगळाच. नकाशा मंजुरीला पावसाळा गेला तर काम दसऱ्याला सुरू होतं. डिसेंबरपर्यंत जोतं, फेब्रुवारी-मार्चला स्लॅब, आणि मृगाच्या आत छप्पर व बाहेरचा गिलावा झाला पाहिजे. एक महिना घसरला की जून ते सप्टेंबर काम बंद. उघड्या सळया गंजतात, मजूर गावी शेतीला जातात आणि परत येणारी टोळी दुसरीच असते. दोन हंगाम धरूनच चाला. या दोन हंगामांत दर आठवड्याला साइटवर उभं राहणारं माणूस घरात आहे का? तुमच्या दोघांच्या नोकऱ्या बघता मला ते दिसत नाही. विटा भिजवल्या का, स्लॅबला पाणी मारलं का, हे व्हॉट्सॲपवरच्या फोटोत कळत नाही.

प्लॉटची बाजूही खरी आहे, तीही सांगतो. बंगल्याच्या किमतीत जमीन जेमतेम २७ टक्के आहे. भाव वाढतो तो जमिनीचा, बांधकाम जुनं होत जातं. दहा वर्षांनी बंगला विकायला काढाल तेव्हा समोरचा जमिनीचा भाव लावेल आणि घराकडे बघून नाक मुरडेल. प्लॉटला डागडुजी नाही, आणि पैशाची ओढ लागली तर बांधकाम पुढे ढकलता येतं.

पण ढकलण्यालाही किंमत आहे. मुद्रांक शुल्क ६ टक्के धरू, हद्दीनुसार थोडं कमी-जास्त होईल. नोंदणी ३० हजार आणि क्लब व ठेवीचे तुम्ही कळवलेले ३ लाख मिळवले की प्लॉट ४७ लाख ८० हजारांना पडतो. हे पैसे ७ टक्क्यांनी पाच वर्षांत ६७ लाख झाले असते. त्यात प्लॉटचा देखभाल खर्च, तुमच्या कागदावर महिना ६ हजार आहे, तो घाला. पाच वर्षांनी फुटाला साधारण २३५० रुपये भाव आला तरच बरोबरी. तोवर त्याच बिल्डरचा दुसरा टप्पा बाजारात असेल, नवे प्लॉट हप्त्याने विकत, आणि तुमची स्पर्धा त्याच्याशी. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. त्यामुळे भाव वाढणार हे विकणाऱ्यालाही ठाऊक आहे. १४०० मध्ये त्याने ते धरलेलं आहे.

कर्जाचंही तसंच. निव्वळ प्लॉटसाठी बँका किमतीचा कमी हिस्सा देतात, व्याज थोडं जास्त लावतात आणि ठरावीक वर्षांत बांधकाम करण्याची अट घालतात. घर पूर्ण होईपर्यंत व्याजावर आयकराची सवलत नाही. तुम्ही नव्या करप्रणालीत असाल तर स्वतःच्या वापरातल्या घराच्या व्याजाची वजावट तशीही मिळत नाही, तेव्हा "टॅक्स वाचेल" हे कारण दोन्ही पर्यायांत काढून टाका.

आता तुमचे पैसे. बंगला, त्यावर मुद्रांक शुल्क, नोंदणी, क्लबचे ३ लाख आणि फर्निचरचे ६ लाख मिळून १ कोटी ३१ लाख होतात. ७० लाख कर्ज घेतलं तरी ६१ लाख रोख लागतात. तुमच्याकडे ५८ आहेत. म्हणजे मुलीच्या शिक्षणासकट सगळं झाडून पुसून दिलं तरी ३ लाख कमीच. वर साडेआठ टक्क्यांनी साठीपर्यंतच्या नऊ वर्षांचा हप्ता ९३ हजार. १५ वर्षांची मुदत घेतली तर तो ६९ हजारांवर येतो, पण त्यातली सहा वर्षं पगार नसताना फेडायची.

भाड्यावर हप्ता निघेल, यावर विसंबू नका. वर्षात शनिवार-रविवारच्या रात्री १०४. त्यातल्या ५० भाड्याने गेल्या तर बरं चाललंय म्हणायचं, कारण पावसाळ्यातल्या आणि नाताळातल्या चांगल्या तारखा तुम्हालाही हव्या असणार. रात्रीचे ९ हजार धरले तर साडेचार लाख. चालवणाऱ्याचे ३० टक्के, राखणदाराचे वर्षाला ९६ हजार, धुणं-वीज-सफाई प्रत्येक रात्रीमागे १२०० वजा केले की उरतात १ लाख ५९ हजार. वर्षातले पावणेदोन हप्ते. सोसायटीच्या नियमांत रोजच्या भाड्याला मनाई असली तर तेही नाहीत.

मी तुमचा आकडा उलट्या बाजूने काढला. ५८ मधून मुलीचे २५ आणि अडीअडचणीचे ८ बाजूला ठेवले की उरतात २५ लाख. दोन्ही हप्ते मिळून पगाराच्या तिसऱ्या भागाच्या वर जाऊ नयेत, म्हणजे नवा हप्ता ५५ हजार, त्यावर नऊ वर्षांत ४१ लाख कर्ज बसतं. सगळं धरून ६६ लाख. शुल्क, ठेवी, जेमतेम फर्निचर वजा केलं की घराची किंमत ५५ लाखांच्या आसपास हवी.

म्हणून माझं मत असं: या दोन्हींपैकी काहीही आत्ता घेऊ नका. तुम्हाला हवंय ते तयार घरच, पण लहान. ८०० ते ९०० फुटांचं रो हाउस, शक्यतो पुनर्विक्रीतलं. अशा प्रकल्पांत हौसेने घेतलेली आणि वर्षातून चार वेळा उघडली जाणारी घरं पाच-सात वर्षांत विकायला निघतात आणि नव्या दराने कोणी घेत नाही. गेटवरच्या वॉचमनला आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा, जाहिरातींपेक्षा जास्त कळेल. लहान प्लॉटवर लहान घर बांधू, असं मनात येईल, पण कंपाउंड, सेप्टिक टँक, आर्किटेक्ट, वीजजोडणी हे खर्च घराबरोबर आक्रसत नाहीत. लहान घर स्वतः बांधणं फुटामागे महागच पडतं.

घर बघायला जुलैत जा, जानेवारीत नको. खिडकीखालच्या भिंतीला ओल आहे का, जोत्याच्या वर दोन फूट मीठ फुटलंय का, गच्ची आणि पॅरापेटच्या (कठड्याच्या) सांध्याला वाटा (सिमेंटची गोलाई) मारलाय का, मागचा डोंगर कापला असेल तर त्याचं पाणी गटारात जातंय की घराच्या पायात, हे सगळं तासाभरात दिसतं. मग एप्रिलअखेर पुन्हा जा आणि पाण्याचं विचारा. इतका पाऊस पडूनही उन्हाळ्यात तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना टँकर लागतो.

तीन अटी जुळल्या तर प्लॉट घ्या: ठाण्याचं कर्ज फिटलेलं, मुलीचे पैसे वेगळे काढलेले, आणि साइटवर राहायला घरातलं कोणी मोकळं. साधारण साडेचार-पाच वर्षांनी हे शक्य आहे. तेव्हा कागद असे बघा: सातबारा त्या प्लॉटचा स्वतंत्र हवा. सामायिक सातबाऱ्यातला हिस्सा "प्लॉट" म्हणून विकत असतील तर उठून या. एनए आदेश, लेआउटची अंतिम मंजुरी आणि भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा तिन्ही एकाच क्षेत्रफळाचे हवेत. जुने फेरफार वकिलाकडून तीस वर्षं मागे तपासून घ्या, आणि या तालुक्यात एक गोष्ट मुद्दाम बघायला सांगा: मूळ मालक आदिवासी असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे पूर्वपरवानगी घेतली होती का. ती नसली तर पुढचे सगळे व्यवहार डळमळीत, तुमचाही. करारात बांधकामाची मुदत, ती चुकल्यास दंड, बिल्डरचाच ठेकेदार घेण्याची सक्ती आणि हस्तांतर शुल्क ही चार कलमं शोधा. महारेराच्या (रेरा कायद्याच्या राज्यातल्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर क्लबहाउस तुमच्याच टप्प्यात नोंदलंय की पुढच्या, तेही पाहा. माहितीपत्रकात सगळे टप्पे एकाच चित्रात असतात.

येत्या रविवारी २ लाख भरून बुकिंग करा, नाहीतर दर वाढेल, असं तुम्हाला सांगितलंय. भरू नका. पुढे कधी कुठे बुकिंग केलंच, तर नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. जे द्याल ते चेकने द्या, पावतीवर महारेरा क्रमांक घ्या आणि व्यवहार मोडल्यास किती दिवसांत किती परत, हे त्याच कागदावर लिहून घ्या.