२०३६ सालचं शिफ्ट डायरीचं पान

प्रिय तरुण मित्रा,
अनेक आशीर्वाद.

कारखान्यातल्या लाइनच्या ऑटोमेशनचा आराखडा करताना रोबो, कॅमेरे, डॅशबोर्ड आपोआप सुचतात. दहा वर्षांनी मध्यरात्री लाइन बंद पडली तर काय, हे सुचत नाही. स्पेक्युलेटिव्ह डिझाइन मला त्यासाठी हवंसं वाटतं. त्यात उद्याची एखादी वस्तू आजच बनवून बघायची असते. चकचकीत पोस्टर नको, रोजचा कागद बनव. असा:

‘२०३६, तिसरी पाळी, २:४०. प्रेस बंद, सील फुटलं. दाब स्क्रीनवर ५ बार, गेजवर ८. ट्रान्समीटर गेल्या आठवड्यात बदललेला. मॅन्युअलवर चालवणारं कुणी नाही. प्रोग्रामचा पासवर्ड सप्लायरकडे.’

आता एकेक वाक्य धर आणि विचार, हे टाळायला आज काय करावं लागेल?

५ आणि ८ चा घोळ बघ. जुना ट्रान्समीटर, म्हणजे दाब मोजून सिग्नल पाठवणारा सेन्सर, ०-१० बारचा होता, नवा ०-१६ चा बसला. सिग्नल ४-२० मिलिअँपिअर. १२ मिलिअँपिअर म्हणजे रेंजचा बरोबर मध्य: जुन्या स्केलिंगनं (सिग्नलवरून दाब काढायच्या हिशोबानं) ५ बार, प्रत्यक्षात ८. वायर तुटली असती तर करंट शून्यावर येऊन पीएलसीनं (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरनं) अलार्म दिला असता. सिग्नलची सुरुवात ४ पासून ठेवतात त्याचं एक मोठं कारण हेच. चुकीच्या स्केलिंगला मात्र अलार्म नसतो. कंट्रोलर ५ बार राखतोय असं समजून ८ राखत बसतो. म्हणून नुसता बारचा आकडा साठवू नकोस. कच्चे मिलिअँपिअर, रेंज, सिरियल नंबर आणि बदलल्याची तारीखही साठव, आणि सेन्सर बदलला की तीन वेगवेगळ्या दाबांवर गेजशी ताडून बघायचं, हे कामाच्या कार्डावरच छाप.

पासवर्ड, टिपांसहित सोर्स प्रोग्राम आणि आय-ओ लिस्ट (पीएलसीला जोडलेल्या इनपुट-आउटपुटची यादी) शेवटचं बिल देण्याआधी ताब्यात घे. बॅकअप स्पेअर पीएलसीवर एकदा चढवून बघ. मॅन्युअल मोडवर महिन्यातून अर्धा तास मशीन चालवू दे, सेफ्टी इंटरलॉक (धोका दिसताच मशीन थांबवणारी व्यवस्था) चालू ठेवूनच. इमर्जन्सी स्टॉप नेटवर्कवर अवलंबून नको.

घड्याळांचाही विचार कर. २० पीपीएमची (दहा लाखांत वीस) चूक महिन्याला सुमारे ५० सेकंद होते. दोन पीएलसींची घड्याळं अशी सरकली की आधी कोणता अलार्म आला ते कळत नाही. सगळी एकाच एनटीपी सर्व्हरला, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या कॉम्प्युटरला, बांध.

अशी तीन पानं पुरेत: एक वरचं, एक ऑर्डर निम्म्यावर आल्याचं, एक नेटवर्क दोन दिवस बंद असल्याचं. तिन्ही पानांत जी गरज पुन्हा पुन्हा दिसेल तिच्यावर आधी खर्च कर. मोकळे आय-ओ, पॅनेलमधली जागा आणि २४ व्होल्ट सप्लायची शिल्लक ताकद, साधारण २० टक्के, बहुतेक वेळा वर येते.

पानं केबिनमध्ये बसून लिहिलीस तर सगळं सुरळीतच चाललेलं दिसेल. पहिल्या ओळीपासून फिटर आणि ऑपरेटरला शेजारी बसव.

तुझा हितचिंतक