‘मॅडम, मला आत टाकतील का हो?’

माझ्या समुपदेशनाच्या खोलीत, खुर्चीत टेकायच्या आधीच तिने विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) पस्तिशीची, घरी शिकवण्या घेणारी बाई. नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं म्हणून तिने फेसबुकवर नगरपालिकेला झाडलं होतं. दोन दिवसांनी फोन आला, ‘पोलीस स्टेशनला येऊन जा.’ तेव्हापासून झोप उडालेली. मोबाइल ओढणीत गुंडाळून पर्सच्या तळाशी ठेवलेला. तो थरथरला की हीही दचके. नवरा म्हणे पोस्ट काढ. सासूबाईंचं एकच, ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.’

दीर्घ श्वास वगैरे मी शिकवतेच, पण इथे तेवढ्याने भागणारं नव्हतं. तिच्या डोक्यात 2012 चं पालघर होतं. मुंबई बंदवर फेसबुकवर एकीने लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं, म्हणून दोन मुलींना अटक झाली होती, ते तिला लख्ख आठवत होतं. त्या अटकेत लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66-अ कलम सुप्रीम कोर्टाने 24 मार्च 2015 रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केलं, हे मात्र तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

पुढच्या भेटीला वकील मैत्रिणीला बसवलं. तिने सरळ सांगितलं: साक्षीदार म्हणून बोलवायचं तर लेखी आदेश लागतो, आणि बाईला त्यासाठी घराबाहेर यायची सक्ती करता येत नाही. आरोपी म्हणून नोटीस आली तर मात्र जायचं, वकिलाला घेऊन. अटक झालीच तर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर. घटनेचं 22वं कलम. वकिलाचे पैसे नसले तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बाईमाणसाला मोफत वकील देतं, उत्पन्न न विचारता.

‘काही होणार नाही’ असं मी म्हटलं नाही. मला कुठे ठाऊक होतं? पोस्ट वाचली तर एका अधिकाऱ्याला पुराव्याशिवाय ‘चोर’ म्हटलेलं. 19व्या कलमाने बोलायचा हक्क दिलाय, बदनामीचा नाही. तो शब्द तिने स्वतःच काढला, बाकी पोस्ट ठेवली.

मग फोनवर बोलायचा सराव. मी पोलीस झाले. ‘साहेब, लेखी पाठवा’ म्हणताना ‘लेखी’पाशी दोनदा आवाज अडकला, तिसऱ्यांदा निघाला.

लेखी आलं. जबाब तिच्याच स्वयंपाकघरात झाला, अर्ध्या तासात. सासूबाईंनी चहा टाकला.

गेल्या आठवड्यात ती आली, तेव्हा मोबाइल टेबलावर उघडाच होता. पाणी अजून चौथ्या दिवशीच येतं म्हणाली.