नाना पेठेतला गिअरबॉक्स

प्रश्न : माझी 2015 ची रेनॉ डस्टर आहे. 110 पीएस डिझेल, सहा गिअर, फ्रंट-व्हील ड्राइव्ह, म्हणजे ताकद फक्त पुढच्या चाकांना. पानशेतच्या पुढे आमचं शेतघर आहे आणि शेवटचा तीनशे मीटर रस्ता मुरमाचा, खडा चढ. पहिल्या गिअरमध्येही अर्ध्या क्लचवर चढावं लागतं. दोन वर्षांत दोन क्लचप्लेटा गेल्या. पुण्यात नाना पेठेतल्या भंगारवाल्याकडे ऑल-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद देणाऱ्या) डस्टरचा गिअरबॉक्स 40 हजारांत मिळतोय. तो बसवावा का? पुढे जमलं तर गाडी पूर्ण ऑल-व्हील करता येईल का?
– एक वाचक, वारजे

उत्तर : आधी एक सांगा, चढावर क्लचचा वास येतो की पुढची चाकं जागच्या जागी फिरून मुरूम उडतो? तुमच्या पत्रात क्लच आहे, मुरूम उडाल्याचं नाही, म्हणून मी क्लचचं दुखणं धरून चालतो. चाकं फिरत असतील तर गिअरबॉक्स बदलून काडीचा फरक पडणार नाही. चढावर वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात. तिथे गिअर कितीही आखूड केलात, म्हणजे इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत चाक कमी फिरवलंत, तरी पकड वाढत नाही.

क्लचपुरतं म्हणाल तर तुमची कल्पना चुकीची नाही. ऑल-व्हील डस्टर 2014 साली आपल्याकडे आली तेव्हा तिच्यात वेगळा लो-रेंज (सगळेच गिअर आखूड करणारी जादा गिअरजोडी) दिलेला नव्हता, त्याऐवजी पहिला गिअरच आखूड केला होता. 1000 आरपीएमला ताशी 5.79 किलोमीटर, म्हणजे लक्ष्मी रोडवर खरेदीला निघालेल्या माणसाची चाल. असा गिअर असला की क्लच पूर्ण सोडून चढता येतं आणि प्लेट वाचते. शहरात मात्र तोच पहिला गिअर कटकट होतो. सिग्नल सुटला की दोन मीटरवर दुसरा टाका. पुष्कळ जण सपाटीवर सरळ दुसऱ्यावरच उचलतात.

आता बसवण्याचं. इंजिन तेच असलं की इंजिनाच्या बाजूने सहसा अडत नाही. अडतं ते उजव्या अंगाला. फ्रंट-व्हीलच्या पेटीत, म्हणजे गिअरबॉक्समध्ये, डिफरन्शियल (वळणावर दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरजोडणी) आतच असतं आणि दोन्ही एक्सल थेट तिच्यात शिरतात. ऑल-व्हीलच्या पेटीला उजवीकडे आणखी एक डबा जोडलेला असतो, मागच्या चाकांकडे ताकद वळवणारा. उजवा एक्सल त्या डब्यातून आरपार जातो, आणि त्याचं ऑइल सीलही डब्यातच असतं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. वीसेक वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या गाडीत मी अशीच पेटी चढवली. डबा नव्हता, तर म्हटलं काय बिघडतंय, एक्सल बसतोय ना. रॅम्पवर सगळं कोरडं. गाडी कात्रजचा घाट चढली आणि बोगद्याच्या अलीकडे गिऱ्हाइकाचा फोन आला, "पाचवा गिअर रडतोय." जाऊन पाहतो तर उजव्या एक्सलपासून मागच्या बंपरपर्यंत तेलाचा पट्टा आणि पेटीत चमचाभर तेल. बेअरिंगं निळी पडली होती. खर्च अर्थातच माझ्या गल्ल्यातून गेला.

म्हणून पेटी घ्यायचीच तर त्या डब्यासकट आणि त्याच गाडीच्या उजव्या एक्सलसकट घ्या. मागचा शाफ्ट नसला तरी डब्यातले गिअर फुकट फिरत राहतील, थोडी ताकद खातील, पण तेल राहील. डब्याच्या शेपटाला झाकण करून घ्या, नाहीतर पानशेतची माती सीलला खाईल. सायलेन्सरचा पाइप आणि इंजिनाची माउंटिंग त्या डब्याला जागा देतात का, हेही गाडीखाली झोपून बघा.

आणि पैसे देण्याआधी फेरे मोजा. भंगारवाला "ऑल-व्हीलचीच आहे" म्हणतो, त्यावर जाऊ नका. पेटी बाकावर घ्या, एका बाजूचा एक्सल व्हाइसमध्ये घट्ट धरा, दुसऱ्यावर खडूची खूण करा. पहिला गिअर टाकून खुणेचा एक्सल 10 फेरे फिरेपर्यंत इनपुट शाफ्टचे, म्हणजे इंजिनाकडून ताकद घेणाऱ्या दांड्याचे, फेरे मोजा. एक बाजू धरलेली असल्याने दुसरी दुप्पट फिरते, म्हणून उत्तराची दुप्पट करून दहाने भागायचं. 110 च्या आसपास फेरे आले तर एकूण गुणोत्तर 22 (चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे 22), म्हणजे हाच तो आखूड पहिला. मग सहावाही मोजा. 215/65 आर 16 चा टायर ताशी 100 ला मिनिटाला साधारण 773 फेरे घेतो. सहाव्याला 14 फेरे आले तर गुणोत्तर 2.8 आणि इंजिन 2,165 आरपीएमला. 16 आले तर 3.2 आणि जवळपास 2,475. एक्स्प्रेस-वेवर दिवसभर हा फरक कानाला आणि डिझेलला जाणवतो.

गाडी पूर्ण ऑल-व्हील करायचं मनातून काढून टाका. फ्रंट-व्हील डस्टरला मागे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा टॉर्शन बीम आहे, ऑल-व्हीलला प्रत्येक चाकाचं स्वतंत्र मल्टिलिंक सस्पेन्शन. पाठीमागची अख्खी मांडणीच वेगळी. वर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये स्पष्ट केलंय. त्यापेक्षा ही विकून वापरलेली ऑल-व्हीलच घ्या. माझ्या हातात तुमचे 40 हजार असते तर मी आधी त्या तीनशे मीटरवर दोन चाकोऱ्या काँक्रीट टाकलं असतं.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुबारू डब्ल्यूआरएक्सच्या पाच गिअरच्या गाडीत पुढचा फायनल ड्राइव्ह (चाकांआधीचं शेवटचं गिअर-गुणोत्तर) 3.9 आणि मागचा 3.545 असा वाचला. मग पुढची-मागची चाकं भांडत नाहीत का?
– एक विद्यार्थी, कर्वेनगर

उत्तर : भांडत नाहीत, कारण मागे जाणाऱ्या ताकदीच्या वाटेवर 1.1 ची गिअरजोडी आहे. 3.545 गुणिले 1.1 करून बघ, 3.8995 येतात. सुबारूत मागची ताकद पुढच्या क्राउन-पिनियनच्या, म्हणजे फायनल ड्राइव्हच्या गिअरजोडीच्या, आधीच निघते, त्यामुळे दोन्हीकडचा हिशेब जुळवावा लागतो. पुढचं बदललंस तर मागचंही बदल. डस्टरसारख्या आडव्या इंजिनाच्या गाड्यांत मागची ताकद बहुधा पुढच्या डिफरन्शियलच्या पिंजऱ्यावरून, म्हणजे फायनल ड्राइव्हनंतर घेतात. तिथे गिअर बदलले तरी पुढचं-मागचं नातं तेच राहतं. मागे ताकद वळवणारा डबा आणि मागचं डिफरन्शियल यांची जोडी तेवढी मोडायची नाही. तोंडी परीक्षेत हे विचारतील.

प्रश्न : माझ्या ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीचे पुढचे दोन टायर झिजलेत. दोनच बदलले तर चालेल?
– एक वाचक, सांगवी

उत्तर : नको. नव्या टायरची नक्षी 8 मिलिमीटर आणि जुन्याची 3 धरली तर परिघात 31 मिलिमीटरचा फरक पडतो. दर किलोमीटरला जुनी चाकं सातएक फेरे जास्त घेणार, आणि मागची ताकद जोडणारा कपलिंग ते फेरे घासून जिरवणार. पुढची-मागची चाकं एकत्र बांधणारं लॉक दाबून डांबरी रस्त्यावर चालवलीत तर कपलिंग आणखी लवकर झिजेल. चारही एकदम घ्या, एकाच कंपनीचे आणि एकाच नक्षीचे. आणि स्टेपनीही मोजा. ती गेली सहा वर्षं डिकीत नवीकोरी पडून असेल.