हार्ट अटॅक आल्यावर जोरात खोकल्याने जीव वाचतो, हा व्हॉट्सॲपवरचा मेसेज खरा आहे का?

नाही. घरात एकटे असाल तर मुळीच त्याच्या भरवशावर राहू नका.

मूळ गोष्ट अशी: अँजिओग्राफी (हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी) चालू असताना हृदयाचे ठोके अचानक बिघडले आणि पेशंट शुद्धीवर असला, तर डॉक्टर मॉनिटरकडे बघत त्याला काही सेकंद खोकायला सांगतात. तेवढंच उचलून फॉरवर्ड झालं. अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने बंद झालेली असते. खोकून ती उघडत नाही. खरं नुकसान वेळेचं. माणूस खोकत बसतो, वर सोडा पिऊन ‘ॲसिडिटी असेल’ म्हणतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण 12 तासांपर्यंत देतात, पण पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा फायदा सर्वांत जास्त.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम असं झालं की आधी अँब्युलन्ससाठी 108 लावा. दाराची कडी काढून टेकून बसा, गाडी स्वतः चालवू नका. ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर फोनवर विचारून 300 मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खा. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) मात्र मनाने घेऊ नका (तिचेही फॉरवर्ड फिरतातच): बीपी आधीच कमी असेल तर आणखी कोसळतं. मधुमेहींना आणि बायकांना कधी नुसता दम लागतो, मळमळतं. त्यांनीही ईसीजी लगेच काढावा.